रक्ताचा वारसा आणि गंधवानीचे कार्ड

‘खाण तशी माती’ ही म्हण आपल्याकडे बहुधा सोयरीक जुळविताना आठवते. मुलीचे घराणे पाहावे, मुलाचे कूळ पाहावे, त्यांच्या घरी कोणाला वेड, कोड, क्षय नाही ना याची आडून आडून चौकशी करावी आणि मग पत्रिका उघडावी, अशी आपली जुनी रीत. या रीतीत थोडे शहाणपण आहे आणि पुष्कळ अन्याय आहे. काही व्याधी पिढ्यान्‌पिढ्या वाहत येतात हे आपल्या वाडवडिलांनी पाहिले होते, हे शहाणपण. परंतु कोणती व्याधी वारशाने येते, कोणती संसर्गाने येते आणि कोणती या दोहोंनीही येत नाही, याचा विवेक न करता साऱ्या घराण्यालाच डाग लावून आपण मोकळे झालो, हा अन्याय. आणि या अन्यायाची शिक्षा बहुतेक वेळा घरातल्या मुलींनी भोगली.

आज रक्ताची पत्रिका मांडण्याचे शास्त्र आपल्या हाती आले आहे. बोटातून काढलेल्या रक्ताच्या थेंबावरून माणसाच्या अंगी कोणता वारसा आहे हे सांगता येते आणि तो निकाल एका कार्डावर छापून त्याच्या हाती देता येतो. ही नवी पत्रिका जुन्या पत्रिकेहून अधिक न्यायी ठरेल काय, हा माझ्या मते आपल्या काळातील एक गंभीर प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधावयाचे तर ग्रंथालयातून उठून मध्य प्रदेशातील गंधवानीपर्यंत जावे लागेल.

धार आणि देवास ही नावे आपल्याला परकी नाहीत. दोन्ही ठिकाणी पवारांची संस्थाने होती, आणि तेथील जुन्या घरांतून आजही मराठी बोलली जाते. बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे १९२४ साली जन्मलेले कुमार गंधर्व १९४८ मध्ये क्षयाने आजारी होऊन देवासच्या कोरड्या हवेत राहावयास गेले आणि तेथलेच झाले, हेही आपण अभिमानाने सांगतो. परंतु आपल्या मनातील धार म्हणजे भोजराजाची धारानगरी आणि मांडूचे महाल. त्याच जिल्ह्याच्या नैर्ऋत्येला, विंध्याच्या उतारावर, गंधवानी, बाग, कुक्षी, टांडा हा जो मुलूख आहे तिकडे आपली नजर सहसा वळत नाही. हा भिल्ल, भिलाला, बारेला, पटलिया या आदिवासींचा मुलूख. होळीपूर्वी तेथे भगोरियाचे बाजार भरतात, ढोल-मांदळ वाजतात. आणि शेतातले काम सरले की घरेच्या घरे गुजरातेत मजुरीला जातात. गंधवानीहून दक्षिणेला नर्मदा ओलांडली की बडवानी, आणि पुढे सातपुडा उतरला की आपला नंदुरबार जिल्हा. राज्ये दोन असली तरी डोंगर आणि डोंगरातली माणसे एकाच गोतावळ्यातली आहेत.

या साऱ्या पट्ट्यात रक्ताचा एक आनुवंशिक आजार आढळतो. त्याचे नाव सिकलसेल. आपल्या तांबड्या रक्तपेशी गोल, मऊ, बशीसारख्या असतात आणि अरुंदातल्या अरुंद केशवाहिनीतूनही दुमडून निसटतात. सिकलसेलच्या रुग्णात हिमोग्लोबिन या द्रव्याची घडण किंचित निराळी असते. प्राणवायू कमी पडला की हे द्रव्य पेशीच्या आत काड्यांसारखे एकत्र येते, पेशी ताठरते आणि विळ्यासारखी वाकते. अशा विळ्यांचा गुंता रक्तवाहिनीत अडकला की पुढचा भाग रक्तावाचून तळमळतो. त्या कळा ज्याने पाहिल्या आहेत तो त्या विसरत नाही. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही वाकलेली पेशी दहा-वीस दिवसांतच फुटते. म्हणून रुग्ण सदैव पांढराफटक, डोळे पिवळसर. तान्ह्या मुलाचे हातपाय सुजतात, प्लीहा वाढते, साधा न्यूमोनिया जिवावर बेततो, आणि तरुण वयात खुब्याचे हाड झिजून माणूस लंगडू लागतो. पाणी कमी पडले, थंडी वाजली, ताप आला, शरीर फार शिणले की कळा उठतात. आता विचार करा : भर उन्हात पाण्यावाचून राबणे हेच ज्याचे रोजचे जिणे आहे, त्याच्या वाट्याला हा आजार यावा!

शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी या विळ्यांचे पहिले वर्णन १९१० साली प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे. आणि काही वर्षांनी व्हर्नन इंग्रॅम यांनी सिद्ध केले की एवढ्या मोठ्या रेणूत केवळ एका ठिकाणी एका अमिनो आम्लाऐवजी दुसरे आलेले असते. भारतात हा आजार १९५२ साली निलगिरीच्या आदिवासींत प्रथम आढळला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला व सोळंकी यांनी मध्य भारतातील नोंद प्रसिद्ध केली. विदर्भात तर तो आदिवासींपुरताही मर्यादित नाही. अनुसूचित आणि इतर मागास जातींतही तो आहे. कर्नाटकात म्हैसूरकडील जंगलांत राहणाऱ्या सोलिग आणि जेनु कुरुब यांच्यातही तो आहे. तेव्हा हा कोणा एका राज्याचा वा एका जमातीचा कलंक नव्हे.

मग तो याच लोकांत का? याचे उत्तर मोठे विचार करावयास लावणारे आहे. आई आणि बाप या दोघांकडूनही हे जनुक आले तरच मूल रुग्ण होते. एकाकडूनच आले तर ते मूल नुसते वाहक असते; सामान्यतः ते निरोगी आयुष्य जगते. आणि ए. सी. ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील निरीक्षणांवरून दाखविले की अशा वाहकाला घातक हिवतापापासून संरक्षण मिळते. म्हणजे ज्या रानांत हिवतापाने मुले पटापट मरत होती तेथे या जनुकाने माणसे जगविली. ज्याला आपण ‘खराब रक्त’ म्हणतो ते एके काळी त्या माणसांचे चिलखत होते. त्या चिलखताची किंमत काही लेकरे आपल्या हाडांनी मोजीत आली आहेत. यात कोणाचा अपराध आहे?

‘हे लोक आपसांतच लग्ने करतात, म्हणून असे होते,’ हे वाक्य शिकलेल्या लोकांच्या तोंडून ऐकू येते. ते अज्ञानाचे वाक्य आहे. भिल्लांत एका कुळात लग्न होत नाही. बाहेरच्या कुळातच सोयरीक करावी लागते. त्यांच्यातील सिकलसेल हिवतापाने टिकविला, नात्यातल्या लग्नांनी नव्हे. आपसांतील लग्नांमुळे रोग कसे साठतात याचे उदाहरण पाहावयाचे तर अमेरिकेतील आमिश लोकांकडे पाहावे. अठराव्या शतकात युरोपातून पेनसिल्व्हेनियात गेलेला हा ख्रिस्ती पंथ. घोडागाडीने प्रवास करणारा, विजेच्या तारा घरात न घेणारा आणि पंथाबाहेर लग्न न करणारा. मूळ कुटुंबे मोजकी, त्यामुळे त्या थोड्या पूर्वजांतील दडलेले दोष वंशजांत पुन्हा पुन्हा एकत्र येतात. जास्तीचे बोट, आखूड हातपाय आणि हृदयदोष घेऊन जन्मणाऱ्या मुलांचा वंशवृक्ष डॉ. व्हिक्टर मॅक्युसिक यांनी १९६४ साली मांडला, तेव्हा तो १७४४ मध्ये आलेल्या सॅम्युएल किंग आणि त्याच्या पत्नीपर्यंत जाऊन पोहोचला.

येथे आपण सीमाभागातील मंडळींनी थोडे आपल्याही घरात डोकवावे. मामाची मुलगी करणे आपल्याकडे हक्काचे मानले गेले. कर्नाटकात आणि त्याला लागून असलेल्या भागात सख्ख्या मामाने भाचीशी लग्न करण्याचीही रीत आहे. जमीन घरात राहावी, मुलगी डोळ्यांसमोर नांदावी, हे त्यामागचे हेतू समजण्यासारखे आहेत. परंतु जवळच्या नात्यात एकच दडलेला दोष दोन्हीकडून येण्याचा संभव वाढतो, हे जीवशास्त्र कोणाची जात वा भाषा पाहत नाही. सिंधी आणि लोहाणा समाजात थॅलेसेमियाचे प्रमाण मोठे आहे, आणि ते समाज व्यापारउदिमात पुढारलेले आहेत. तात्पर्य, ‘मागासलेपणाचा रोग’ असे या व्याधींना म्हणण्याचा अधिकार कोणालाच नाही.

आता त्या कार्डाविषयी. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे पंतप्रधानांच्या हस्ते राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करावयाची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यावयाचा नाही, असा त्याचा संकल्प. २०२५ च्या मध्यापर्यंत सहा कोटींवर लोक तपासले गेले. त्यांत दोन लाखांहून अधिक रुग्ण आणि सोळा लाखांहून अधिक वाहक आढळले. १७ सप्टेंबर २०२५ रोजी खुद्द धार जिल्ह्यातील भैंसोला येथील समारंभात मध्य प्रदेशातील कार्डांची संख्या एक कोटीवर नेणारे कार्ड देण्यात आले. लग्नापूर्वी वधूवरांनी आपली कार्डे ताडून पाहावीत, असा सल्ला या कार्डाबरोबर दिला जातो.

या कामाचे मोल मी कमी लेखीत नाही. ज्या माणसांची शासनदरबारी साधी मोजदादही होत नसे, त्यांच्या दुखण्याला नाव मिळाले, ही लहान गोष्ट नव्हे. तपासणी झालीच पाहिजे. परंतु माझे म्हणणे असे की कार्ड हा आरंभ आहे. आपण त्यालाच शेवट मानू लागलो तर जुन्या पत्रिकेचा अन्याय नव्या शाईने लिहू.

ही भीती कल्पनेतली नाही. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी सुमारे पाचांपैकी एक माणूस सिकलसेलचा वाहक होता. तेथेही लग्ने वडीलधारी जुळवीत. १९७० च्या सुमारास सर्वांची तपासणी करून त्यांना निकाल सांगण्यात आले. काही वर्षांनी स्टॅमाटोयानोपुलॉस या संशोधकाने पाहिले, तेव्हा वाहकांना समाजात कमी लेखले जात होते, अनेकजण आपला निकाल लपवीत होते, आणि दोन वाहकांची लग्ने मात्र पूर्वीच्याच प्रमाणात होत होती. म्हणजे डाग लागला आणि रोगही टळला नाही. अमेरिकेत त्याच सुमारास कृष्णवर्णीयांच्या तपासण्या झाल्या, तेव्हा वाहक आणि रुग्ण यांतील भेद न कळल्यामुळे निरोगी माणसांच्या नोकऱ्या आणि विमे गेले; तेथील हवाई दलाच्या प्रबोधिनीची दारे १९८१ पर्यंत वाहकांना बंद होती. जे ग्रीसमध्ये आणि अमेरिकेत घडले ते गंधवानीत घडणार नाही, असे कोणत्या आधारावर म्हणावे?

म्हणून कार्डावरील शब्दांचा अर्थ ज्याचे कार्ड त्याला त्याच्या भिल्ली वा भिलाली बोलीत समजला पाहिजे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे. एक जोडीदार वाहक आणि दुसऱ्याचे रक्त निर्दोष असेल तर मूल सिकलसेलचे रुग्ण होणार नाही. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात रुग्ण मूल होण्याचा संभव चारांत एक. पहिले मूल रुग्ण झाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी फासा नव्याने पडतो. शिवाय सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांची गाठ पडली तरी मूल आजारी होऊ शकते. आणि शिबिरात होणारी साधी विद्राव्यता चाचणी वाहक कोण आणि रुग्ण कोण हे वेगळे करून सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिससारखी पुढची तपासणी व्हावीच लागते. एवढे समजावून सांगण्यास वेळ लागतो. रांगेतील माणसाच्या हाती कार्ड ठेवण्यास क्षणही लागत नाही. सगळी गोम येथेच आहे.

‘निर्मूलन’ या शब्दाविषयीही मला थोडे सांगावयाचे आहे. देवीचे निर्मूलन झाले; १९७५ मध्ये आपल्या देशातील तिचा अखेरचा रुग्ण सापडला. तेथे उखडून टाकावयास एक विषाणू होता. सिकलसेलला विषाणू नाही. तो माणसाच्या घडणीतच आहे. लक्षावधी वाहक आपल्यात आहेत आणि राहणार आहेत. तेव्हा कशाचे निर्मूलन करावयाचे? माझे उत्तर असे : वेदनेचे, अकाली मरणाचे आणि अपमानाचे. आजारी मुले जन्मली किती, या आकड्याइकीच जन्मलेली मुले जगली किती, या आकड्याचीही विचारणा झाली पाहिजे.

आणि ती जगविता येतात. तान्हेपणीच निदान झाले, पेनिसिलिन मिळत राहिले, न्यूमोकोकसची लस टोचली गेली, तापात वेळेवर रुग्णालय गाठता आले, तर बालमृत्यू पुष्कळ टळतात. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध नवे नाही. अमेरिकेत सिकलसेलसाठी त्याला १९९८ साली मान्यता मिळाली. त्याने कळा कमी होतात आणि रक्त देण्याची गरजही कमी पडते. ते आपल्या देशात बनते आणि महागही नाही. मात्र ते रोज घ्यावे लागते, वर्षानुवर्षे घ्यावे लागते आणि मधूनमधून रक्त तपासावे लागते. गुजरातेत मजुरीला गेलेल्या गंधवानीच्या तरुणाला ही गोळी तेथेही मिळेल काय? जनुकात बदल करून आजार बरा करणारा उपचार २०२३ च्या अखेरीस अमेरिकेत मान्य झाला, परंतु त्याची किंमत एका रुग्णामागे वीस लाख डॉलरांहून अधिक आहे. त्या चमत्काराची वाट पाहत हाताशी असलेली गोळी पोहोचविण्यात कुचराई करणे हे पाप होईल.

या बाबतीत आमिशांकडून शिकण्यासारखे एक आहे. त्यांच्यातील काही मुले जन्मतः धडधाकट दिसत आणि एखाद्या तापानंतर कायमची लुळी पडत. डॉ. होम्स मॉर्टन यांनी शोधून काढले की हा एक आनुवंशिक चयापचय-दोष आहे. आधी ओळखला तर आहार सांभाळून आणि तापात तातडीने उपचार करून मेंदू वाचविता येतो. त्यांनी व त्यांच्या पत्नीने १९८९ साली पेनसिल्व्हेनियात स्ट्रासबर्ग येथे त्या मुलांसाठी दवाखाना काढला. तो मोठ्या शहरात नव्हता, त्या लोकांच्या शेतशिवारातच होता. इमारतीचा लाकडी सांगाडा आमिश आणि मेनोनाइट शेजाऱ्यांनी स्वतः उभा केला. खर्चासाठी ते दर वर्षी वस्तूंचे लिलाव भरवितात. वीज न वापरणाऱ्या लोकांनी जनुकशास्त्र आपलेसे केले, ते का? कारण डॉक्टरने त्यांच्या घोडागाड्यांना हसण्यात वेळ घालविला नाही. दवाखान्याचा सारा भर जन्मलेले मूल वाचविण्यावर होता. विश्वास आधी आला, तपासणी मागून आली.

आपल्याकडेही ही वाट चाललेली माणसे आहेत. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी सातपुड्यातील आदिवासींत सिकलसेलवर अनेक वर्षे काम केले. डॉ. एच. सुदर्शन यांनी १९८१ साली बिळिगिरीरंगन टेकड्यांत विवेकानंद गिरिजन कल्याण केंद्र काढून सोलिगांबरोबर आयुष्य काढले. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांनी आरंभी सिकलसेलचेच संशोधन केले. पण लोकांना निकड कशाची वाटते हे आधी विचारले पाहिजे, हा धडा त्यांना त्यातूनच मिळाला आणि तो त्यांनी जगाला सांगितला. तपासणाऱ्या प्रत्येक पथकाने तो धडा गिरवावा.

कुमार गंधर्वांचा उल्लेख मी वर केला. त्यांना क्षय झाला तेव्हा तो शब्दही लोक दबक्या आवाजात उच्चारीत. क्षयी घराण्यात मुलगी देत नसत. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आले, ते बरे झाले आणि पुन्हा गाऊ लागले. क्षयाचा कलंक उपदेशाने फारसा गेला नव्हता. औषध घरोघर पोहोचले तसा तो विरत गेला. सिकलसेलचेही तसेच होईल. ज्या दुखण्याला इलाज मिळतो त्याची लाज वाटत नाही.

विद्यार्थी मित्रहो, यात आपण काय करावयाचे, असे तुम्ही विचाराल. पहिले म्हणजे, वर्गातील एखादा मुलगा वारंवार गैरहजर राहत असेल, हातपाय दुखतात म्हणत असेल, तर त्याला आळशी ठरविण्याची घाई आपण आणि आम्ही प्राध्यापकांनीही करू नये. दुसरे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, आणि प्रमाणपत्रात किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत, हे ज्याला ठाऊक असावयास हवे त्यालाच बहुधा ठाऊक नसते. ते त्याला सांगावे. नोकरीतील राखीव जागांत मात्र रक्तविकारांना स्थान नाही, याविषयी आवाज उठवावा. तिसरे, नात्यातील लग्नाचा विषय घरी निघेल तेव्हा मान खाली न घालता डॉक्टरचा सल्ला घेण्याचा आग्रह धरावा. आणि स्वतःचे रक्त तपासून घ्यावे. दुसऱ्याच्या कार्डाची चौकशी करणाऱ्याने आधी आपले कार्ड काढलेले असावे, एवढी सभ्यता तरी आपण पाळू.

गंधवानीच्या मुलीचे कार्ड तिच्या सासरच्या हाती शस्त्र म्हणून पडते की तिच्या स्वतःच्या हाती औषधाची चिठ्ठी म्हणून राहते, यावरून या साऱ्या अभियानाची परीक्षा होईल. कार्डे एक कोटी वाटून झाली आहेत. परीक्षा अजून व्हावयाची आहे.